थोपटणारी गोधडी

पाय आत घे रे दिगू. आणि सुमे, डोळे मिटल्याचं सोंग मला कळतं हो, मी काही काल जन्मले नाही. आता गप ऐका.

एक होता राजा, आणि त्याचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. ताटात मीठ वाढलं की हा विचारायचा, मीठच आहे ना? सकाळी उठला की आधी मिशा चाचपायचा, कुणी काढून तर नाही नेल्या? असा मेला संशयी.

त्याला एकच लेक, सोनसळी. तिची आई देवाघरी गेलेली. पण जाण्याआधी त्या माउलीनं एक काम करून ठेवलं होतं. घरात पिढ्यान्पिढ्यांची एक गोधडी होती. खापरपणजीचं लुगडं तिच्यात, पणजोबांचा फेटा तिच्यात. तिच्या मधोमध राणीनं आपलं नेसतं पातळ फाडून मोठं ठिगळ लावलं. आणि गंमत काय, बरं का, सोनसळी ती गोधडी पांघरून निजली की गोधडी तिला आतून थोपटायची. थप, थप, थप. आईचाच हात तो. पोरीला लगेच झोप लागायची.

मग एकदा काय झालं, उंदीर आला. एवढ्या मोठ्या राजवाड्यात त्याला दुसरं काही मिळालं नाही. नेमकं मधलं ठिगळ कुरतडलं आणि चिंधीसुद्धा ठेवली नाही. मला तर अजून त्या उंदराचा राग येतो. मग काय, थोपटणं थांबलं. सोनसळीला एक रात्र झोप नाही, दुसरी नाही, तिसरीही नाही. डोळे खोल गेले, घास तोंडात फिरायला लागला. वैद्यबुवा म्हणाले, "महाराज, ही झोपली नाही तर पोर हातची जाईल."

आता आली का पंचाईत? गोधडी कुणाच्या तरी हातात द्यायला हवी, आणि राजाला तर कुणाचाच हात चालत नव्हता.

पहिला आला राजवाड्यातला शिंपी. म्हणाला, "नाजूक काम आहे महाराज, घरी नेतो." राजानं त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या कात्रीकडे बघितलं. तुम्हाला आला का संशय? मला तेव्हाच आला होता. पण पोर झोपत नव्हती, काय करतो बिचारा? दिली. तिसऱ्या दिवशी शिंप्यानं गोधडी परत आणली, भोक कुठं होतं ते शोधूनही सापडेना. सोनसळीनं ती नाकाला लावली आणि म्हणाली, "बाबा, ही आपली नाही. आपलीला ओव्याचा वास येतो, हिला हिंगाचा येतोय." शिपाई शिंप्याच्या घरी धावले. तिथं त्याची पाच पोरं खऱ्या गोधडीखाली ओळीनं निजलेली, आता थोपटेल मग थोपटेल म्हणून वाट बघत. शिंप्याला गावाबाहेर घालवला. राजा सगळ्यांना सांगत सुटला, "मी म्हणत नव्हतो?" संशयी माणसाचा एक संशय खरा निघाला की संपलंच बघा. मग तो कुणाचं ऐकत नाही.

मग दुसरी आली भागूदाई. सोनसळीला पहिलं न्हाऊ घातलं ते हिनंच. अगदी सरळ बाई. पण राजानं तिला अंगणात बसवलं, दोन्ही बाजूंना भालेवाले उभे केले, दोऱ्याचं टोक एका शिपायाच्या हातात दिलं आणि स्वतः सुईला नाक लावून बसला. हा टाका इथंच का घातलास? दोरा आत का नेलास? आत काय ठेवलंस? बाईच्या हाताला घाम सुटला आणि सुई बोटात गेली. तिनं सुई खाली ठेवली. "महाराज, तुमची लेक या हातांवर जन्मली. तेव्हा नाही विचारलंत, हात दाखव म्हणून." आणि उठून गेली. मला तिचं फार वाईट वाटतं.

मग तिसरी आली डोंगराकडची एक म्हातारी. दारोदार वाकळा-गोधड्या शिवत हिंडायची. नाव ठकूबाई. नाव ऐकूनच राजाच्या कपाळाला आठी. ती म्हणाली, "मला पैका नगं. तुमच्या अंगात घातल्याली एक जुनी बंडी द्या. नवं कापड या गोधडीला चालत न्हाई."

अंगावरचा कपडा, आणि तो परक्या बाईला द्यायचा? राजा मनात म्हणाला, ही नक्की करणी करणार. मग यानं काय केलं, रात्री पहारा देणाऱ्या भिकोबाची जुनी बंडी मागून घेतली आणि माझीच म्हणून म्हातारीला दिली. बघा हं, संशय घेणारा हा, आणि फसवणाराही हाच.

ठकूबाईनं ठिगळ लावलं. गोधडी थोपटायला लागली, धप, धप. पण सोनसळीचा डोळा लागला रे लागला की तिला गदागदा हलवून उठवायची. प्रहराप्रहराला उठवायची. पहारेकऱ्याचीच बंडी ती, झोपू कशी देईल?

सकाळी राजा ओरडला, "करणी केली, धरा तिला." म्हातारी तर दाराशीच लिंबाखाली भाकरी खात बसली होती. पळणारी असती तर बसली असती का? पण राजाला वाटलं, पळत नाही म्हणजे नक्कीच काहीतरी आहे.

ठकूबाईनं ठिगळ बोटांत चुरगळलं आणि हुंगलं. "ह्ये तंबाकू खाणाऱ्याचं हाय. तुमचं न्हाई."

सोनसळी म्हणाली, "बाबा, तुम्ही भिकोबाची बंडी दिलीत?" ती रागावली नव्हती. फार दमली होती. राजाला एकदम रडू आलं.

"म्हातारे, तिच्या आईचा हात परत आणशील का?"

"न्हाई म्हाराज. गेल्याला हात कुनालाच आनता येत न्हाई. जो हाय त्यो घालायचा."

"पण मी तिला कधी थोपटलंच नाही," राजा म्हणाला. "गोधडी होती ना."

"मंग काढा बंडी."

राजानं अंगरखा बाजूला ठेवला आणि आतली बंडी काढली. एक टोक म्हातारीच्या हातात दिलं, पण दुसरं सोडवेना. ती ओढते, हाही ओढतो. मग त्यानं लेकीकडे बघितलं आणि सोडली. उठून बाहेर गेला आणि दार लोटून घेतलं. फटीतून बघितलं का? बघितलं, एकदाच. सवय काही एकदम जात नाही.

दिवेलागणीला सोनसळी निजली. गोधडी थोपटायला लागली. थप, थप. आणि थांबली. मग गोधडीचं टोक हळूच वर झालं, जसं कुणी डोकावून बघतंय. परत थप, थप. परत थांबली. सोनसळी खुदकन हसली. "हा बाबांचाच हात. मी झोपले की नाही ते बघतोय." आणि हसता हसताच ती झोपली.

राजा उंबऱ्याबाहेर उघडाच बसला होता. त्यानं लेकीचं हसणं ऐकलं, मग सगळं शांत झालेलं ऐकलं. तिथंच भिंतीला टेकून त्याचा डोळा लागला. कुणीतरी त्याच्या अंगावर घोंगडी टाकली. ती कुणाची, हे त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी राजा स्वतः चालत भागूदाईच्या दारी गेला आणि तिला सन्मानानं घरी घेऊन आला. पुढं ती सगळी सुखात राहिली, मीठ मीठच समजून जेवली.

चला, आता मी थोपटते. थप, थप. मध्येच हात थांबला तर समजा, मी बघतेय. दिगू, तू झोपलास ना? खरंच ना?