आसाखालची राळ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्या राज्याचं नाव आता कुणालाच सांगता यायचं नाही.

त्या राज्यातल्या एका गावात एक सुतार राहत होता. नांगर, दारं, चौकटी तो करायचा ते पोटासाठी. जीव मात्र त्याचा अडकला होता छोट्या गाड्यांत. खऱ्या गाडीच्या एका हाताला छोट्या गाडीचं एक बोट, हे त्याचं माप. आठ हातांची बैलगाडी आठ बोटांची होऊन त्याच्या तळहातावर उभी राहायची, आणि तिच्यात काही म्हणजे काही कमी नसायचं.

सुरुवातीला तो जत्रेतली साधी खेळण्यातली गाडी घ्यायचा, तिची चाकं उतरवायचा, कडा तासायचा, जू बदलायचा आणि तिचं रूपच पालटून टाकायचा. पुढे त्याचं तेवढ्यावर भागेना. मग तो सगळंच कोऱ्या लाकडातून आपल्या हातानं घडवू लागला. झाडूच्या हिरांचे आरे, फुटक्या घंगाळाच्या पत्र्याची चाकावरची धाव, बाभळीच्या काट्यांचे खिळे, घोड्याच्या केसांचा कासरा. राळ आणि लाकडाचा भुसा कालवून तो सांधे असे भरायचा, की नखानं चाचपलं तरी कळू नये. वर तेल आणि काजळी चोळली की कालची गाडी शंभर वर्षांची दिसायची. अशा छंदी माणसाला घरचे काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक असेलच, ते जाऊ द्या.

त्या गावाला एकाच गोष्टीचा तोरा होता, शर्यतीच्या गाडीचा. मुळात ती शेणखत वाहणारी गाडी. गावातल्या एका गाडीवानानं तरुणपणी तिचे कठडे काढले, चाकं तासून हलकी केली आणि खताच्या गाडीनं वीस जत्रा गाजवल्या. आता गाडीवान म्हातारा झाला होता आणि गाडी चावडीशेजारच्या छपराखाली उभी होती. इतक्या वर्षांत तिची चाकं बदलली, बैठक बदलली, जू तर तीनदा बदललं. मूळचा उरला होता फक्त आस, म्हणजे दोन चाकांना जोडणारा खालचा जाड दांडा.

राजानं लहानपणी ही गाडी पळताना पाहिली होती. त्यानं सुताराला निरोप धाडला, "ती गाडी मला छोटी करून दे. जत्रेला येईन तेव्हा घेऊन जाईन."

सुतार गाडीवानाकडे गेला. "आबा, गाडीची मापं घ्यायची आहेत. चार दिवस छपराखाली बसेन म्हणतो."

"बस की," म्हातारा म्हणाला. "तुझ्या हाती गाडी द्यायला मला कसली भीती? तू तर तिला माझ्याहून जास्त जपशील."

सुतारानं मापं घेतली. कुठं बैलाचं शिंग लागून खोक पडली होती, कुठं कासऱ्यानं लाकूड झिजलं होतं, सगळं टिपून घेतलं. पण लाकूड निवडायला बसला आणि त्याच्या डोक्यात एक किडा शिरला. लाकूड दुसरं असेल, तर ही तीच गाडी कशी होईल?

हा विचार आळशी माणसाला कधी सुचत नाही. तो फार मन लावून काम करणाऱ्यालाच सुचतो, आणि म्हणूनच तो वाईट.

मूळचं लाकूड आसाखेरीज कुठंच नव्हतं. सुतार गाडीखाली आडवा झाला. 'ही आता कुठं पळणार आहे? उभीच तर असते,' असं मनाशी म्हणत त्यानं आसाच्या पोटातून बोटभर ढलपी काढली. ती घडवताना चिरली. त्यानं दुसरी काढली, तिला गाठ लागली. पुन्हा गेला, पुन्हा थोडं मोठं लाकूड काढलं. छोटी गाडी पुरी झाली तेव्हा मोठ्या गाडीच्या आसाला खालून मूठभर खळगा पडला होता. त्यानं तो राळ आणि भुशानं भरला, घासला, वर तेल-काजळी चोळली. काम इतकं सुबक झालं, की खळगा नेमका कुठं होता ते दुसऱ्या दिवशी त्यालाही शोधावं लागलं.

जत्रेला राजा आला. छोटी गाडी तळहातावर घेऊन तो लहान मुलासारखा हसला.

"लाकूडही त्याच गाडीचं आहे, महाराज," सुतार म्हणाला. लोकांना वाटलं, बदललेल्या जुन्या चाकाचं वगैरे असेल. कुणी विचारलं नाही.

"मग मोठीही एकदा पाहू," राजा म्हणाला. "त्याच गाडीवानाला बसवा. म्हातारा आहे, एक संथ फेरी पुरे."

गाडीवानाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचेच बैल जुंपले गेले. त्या गावची एक रीत होती. गाडीवर चढण्याआधी गाडीवान खाली वाकून आस पाहतो, हात फिरवतो आणि मगच पाय वर टाकतो. म्हातारा गुडघ्यावर बसला. त्यानं आसावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. राळ भरलेल्या जागेवरूनही फिरवला. त्याचा हात तिथं थांबला नाही.

आणि आता सांगायला मलाही जड जातं, पण सांगितलं पाहिजे. त्या क्षणी समोर उभ्या असलेल्या सुताराला आनंद झाला. वीस जत्रांच्या गाडीवानालाही आपला सांधा सापडला नाही, म्हणून त्याची छाती फुगली.

मग म्हाताऱ्यानं वर पाय टाकला आणि सुतार भानावर आला. त्यानं बोलायला तोंड उघडलं. पण शेजारी राजा होता, भोवती सगळा गाव होता, आणि सगळे त्याच्याकडे कौतुकानं पाहत होते. 'संथ फेरीच तर आहे, निभेल,' असं म्हणून त्यानं तोंड मिटलं.

हलगी कडाडली. बैलांना संथ फेरी कुठली माहीत? हलगी वाजली की पळायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं. ते उधळले. पहिल्याच वळणावर आस मधोमध मोडला, गाडी उलटली आणि म्हातारा दूर फेकला गेला. त्याची मांडी मोडली.

सगळा गाव म्हाताऱ्याकडे धावला. सुतार धावला तो आसाकडे. कुणी पाहण्याआधी त्यानं दोन्ही तुकडे गोळा केले, दुरुस्तीला नेतो म्हणाला, आणि दिवस मावळायच्या आत ते आपल्या चुलीत घातले.

म्हाताऱ्याला खाटेवर घालून घरी नेताना तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी वाकून पाहिलं होतं. मला दिसलं नाही. डोळे गेले माझे."

पारावरच्या लोकांना विषय मिळाला. "वय झालं की माणसानं गप घरी बसावं." "राजापुढं गावाची लाज घालवली." ज्यांनी जन्मात कासरा धरला नव्हता, ते सगळ्यात पुढं.

सुतार रोज म्हाताऱ्याकडे जाऊ लागला. वैद्याचा लेप आणून द्यायचा, बैलांना वैरण घालायचा, आडाचं पाणी भरायचा. लोक म्हणू लागले, "सुतार म्हणजे देवमाणूस." हा शब्द कानावर पडला की तो हातातला घास टाकून उठे. तो आणखी काम करी. काम केल्यानं लोक आणखी चांगलं म्हणत. आपण रोज आपल्याच गुन्ह्याचं कौतुक गोळा करतो आहोत, हे त्याला कळत होतं, आणि कळूनही तो दुसऱ्या दिवशी पुन्हा जात होता. छोट्या गाडीचं हत्यार तो हातात घेई आणि तसंच खाली ठेवी. आरशात तोंड पाहायची त्याला चोरी झाली.

चाळीस दिवस असे गेले. एक दिवस म्हाताऱ्यानं त्याला जवळ बसवलं.

"गड्या, एक काम कर. उद्याच्या बाजारात माझे बैल विकून टाक."

"का हो आबा? पाय तर जुळत आलाय."

"पायाचं नाही रे. मोडायला आलेला आस हाताखाली असून मला कळला नाही. ज्याला आपल्या डोळ्यांचा आणि हाताचा भरवसा नाही, त्यानं मुकं जनावर दारात बांधू नये. दुसऱ्या कुणाला सांगवत नाही. माझा भरवसा तुझ्यावर आहे."

त्याची म्हातारी दाराशी ज्वारी पाखडत होती. तिनं सूप थांबवलं आणि डोळ्यांना पदर लावला.

सुतार खाली मान घालून बसला. मग त्यानं सगळं सांगितलं. पहिली ढलपी, दुसरी, तिसरी, राळ, भुसा, चूल. काही ठेवलं नाही.

मग म्हाताऱ्यानं विचारलं, "मी वाकलो तेव्हा तू कुठं होतास?"

"समोरच, आबा."

"बघत होतास?"

"हो."

"काय वाटलं तुला?"

सुताराला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण इतकं सांगितल्यावर हे राखून ठेवणं म्हणजे पुन्हा राळ भरण्यासारखंच होतं.

"बरं वाटलं, आबा. तुम्हाला सांधा सापडला नाही म्हणून."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यानं आधी बायकोला हाक मारली. "अगं, ऐकलंस? माझे डोळे शाबूत आहेत. बैल विकायचे नाहीत."

मग सुताराकडे न पाहता तो म्हणाला, "पाय मोडला, तो बरा होईल. पण चाळीस रात्री मी स्वतःला शिव्या दिल्या. तू रोज येऊन बसलास आणि ऐकत राहिलास. हे मला एकट्याला सांगून भागायचं नाही. माझं नाव जिथं गेलं, तिथं जाऊन सांग."

म्हातारी सूप उचलत एवढंच म्हणाली, "माझ्या हातचं पाणी प्यायलास रे चाळीस दिवस."

सुतार उठला आणि पारावर गेला. जे म्हाताऱ्याला सांगितलं तेच त्यानं भर गावात सांगितलं, आनंद झाला होता तेही सांगितलं. कुणी दगड मारला नाही. शिव्याही फार कुणी दिल्या नाहीत. लोक नुसते त्याच्याकडे पाहत राहिले, आणि काल त्याला देवमाणूस म्हणणाऱ्यांनी माना फिरवल्या. एकानं विचारलं, "तुला तर कुणी पकडलं नव्हतं. मग सांगितलंस कशाला?"

"पकडलं असतंत तर सोपं गेलं असतं," सुतार म्हणाला.

राजाला कळलं, तेव्हा त्यानं शिक्षा केली नाही. पण त्यानंतर गावातल्या कुणी आपल्या गाडीचा आस त्या सुताराकडून करून घेतला नाही. दारं, चौकटी, पाट यांचं काम येत राहिलं. ज्यावर माणसाचा जीव तोलून धरायचा असतो, ते काम मात्र शेजारच्या गावी जाऊ लागलं. सुतारानं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

म्हातारा पुढं काठी टेकत हिंडू-फिरू लागला. सुताराच्या दुकानावरूनच त्याची वाट होती. काठीचा आवाज आला की सुतार हातातलं हत्यार खाली ठेवून उभा राही. म्हातारा कधी थांबून दोन शब्द बोलायचा, कधी तसाच पुढं जायचा. तो नजरेआड होईपर्यंत सुतार खाली बसत नसे.

म्हणून लहानथोरांनो, एवढं लक्षात ठेवा: झाकलेली चूक नाहीशी होत नाही, ती जाऊन निरपराध माणसाच्या माथी बसते.