राखणीचा पेटारा

एका राज्यात एक राजा होता, त्याचं नाव उदयकर्ण. राणीचं नाव मृगावती, लेकाचं मकरंद, लेकीचं केतकी. राजा मनाचा मोठा, रयतेला जपणारा. खोड म्हणाल तर एकच. चांगली वस्तू हाती आली की म्हणायचा, "ठेवून द्या. चांगल्या दिवशी काढू."

एकदा वेशीतून एक मांत्रिक आला, पाठीवर काळा पेटारा. त्यानं राजाची जुनी पगडी आत घातली, झाकण लावलं, झाकण उघडलं, तर पगडी मागावरून आत्ताच उतरल्यासारखी कोरी करकरीत!

मांत्रिक म्हणाला, "महाराज, जुनं घातलं तर कोरं होतं. कोरं घातलं तर कोरंच राहतं."

राजानं पेटारा ठेवून घेतला. मांत्रिक मागं न बघता पळत सुटला, तेव्हाच शहाण्यानं ओळखायचं. राजानं नाही ओळखलं.

चांदीची ताटं पेटाऱ्यात गेली, घरात पत्रावळी आल्या. झोपाळा गेला, नुसत्या कड्या तुळईला लोंबत राहिल्या. समया गेल्या, गालिचे गेले, मकरंदाचे जरीचे जोडे गेले. राजाला वाटलं, ऊन तरी रोज कशाला खर्चायचं? मग खिडकीतलं ऊन घडी घालून ठेवलं. दारच्या मोगऱ्याचा वास ठेवला. राणी एकदा खळखळून हसली तर राजा म्हणाला, "अहो, जरा पुरवून हसा," आणि ते हसूही पेटाऱ्यात गेलं. दसरा उजाडला. राजा म्हणाला, "इतका चांगला दिवस! हाही ठेवून देऊ." दसराही आत गेला.

मग काही काढायला जावं तर झाकण हलेना. आतून पेटारा बोलला, "आधी माझं पोट भरा. भरल्यावर सगळं परत." घालायला गेलं की गपकन ओढून घ्यायचा, काढायला गेलं की दातखिळी. आणि पोट काही भरेना.

घर उजाड झालं, तशी घरातली माणसंही. राणी भिंतीकडे तोंड करून बसायची. मकरंद अनवाणी, चोरासारखा वावरायचा. आणि केतकी, जी कधी घरभर पळायची, ती उघड्या खाटेवर पडून राहिली. वैद्यानं नाडी धरली. म्हणाला, "रोग कसलाच नाही, महाराज. पण डोळे उघडून बघावं असं पोरीला ह्या घरात काही दिसत नाही."

अशा घरात सून आली. तिचं नाव हौसा. तिचा बाप सात गावांचा राजा; राजा खरा, पण म्हशीची धार स्वतः काढायचा. तिच्या रुखवतात एक गोधडी होती. थोरली दासी नाक मुरडून म्हणाली, "अगं बाई! राजाची लेक आणि रुखवतात चिंध्या!"

हौसा म्हणाली, "चिंध्या नव्हेत गं. सात गावांत घरटी एक तुकडा मागून आणलाय. हा लिंबाजी गुरवाचा फेटा, हे गिरजा सुइणीचं लुगडं. आणि हे माझ्या आईचं, मी झाले तेव्हा तिच्या अंगावर होतं ते."

मग तिनं घर बघितलं. हळूच सासूला विचारलं, "सासूबाई, घरात कुणी गेलंय का?"

"नाही गं," राणी म्हणाली. "सगळं ठेवलंय."

हौसानं गोधडी नेऊन नणंदेच्या अंगावर घातली. केतकीनं एका तुकड्यावर बोट ठेवलं. किती दिवसांनी तिच्या तोंडून शब्द निघाला! "वहिनी, हा कुणाचा?" हौसानं सांगितलं. "आणि हा?" तोही सांगितला. फेटेवाल्या लिंबाजीला बोकडानं देवळाभोवती कसं पळवलं ते सांगितलं. केतकीच्या गालावर इवलीशी लाली आली.

नेमकी ती राजानं बघितली, आणि त्याचं काळीज हललं. "ही लाली पुन्हा उडून जाईल. लेकीला आत्ताच पेटाऱ्यात ठेवू. जन्मभर अशीच राहील."

हौसा पदर सावरून खाटेपुढं उभी राहिली. "मामंजी, मला तीन खेपा द्या. पेटाऱ्याचं पोट भरलं तर वन्सं बाहेर. नाही भरलं तर तुम्ही म्हणाल तसं."

"दिल्या," राजा म्हणाला. पेटारा आतल्या आत खुदकन हसला.

झोपाळ्याच्या रिकाम्या कडीवर एक साळुंकी बसायची. ती म्हणाली, "मावळतीच्या डोंगरात राक्षस आहे. त्याच्याकडे भाताची हंडी आहे, कधी सरत नाही. जा."

हौसा गेली. गुहेत घोट्यापर्यंत हाडं, भिंतींना काजळी. राक्षस ओरडला, "कोण आहे? खातो!"

"खा, मामा. पण आधी बसू कुठं ते तरी दाखवा."

राक्षसानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि तो ओशाळला. हौसानं पदर खोचला. हाडं बाहेर काढली, जमीन सारवली, गुहेच्या तोंडावरचा धोंडा राक्षसाकडूनच बाजूला करवला. ऊन आत आलं. राक्षस उंबऱ्यात बसून बघत राहिला. "हे माझंच घर का गं? इतकी वर्षं मला वाटायचं, माझा स्वभावच वाईट." त्यानं आपण होऊन हंडी दिली.

पेटाऱ्यानं हंडी गिळली. भात शिजत राहिला, पेटारा गिळत राहिला. म्हणाला, "आणखी?"

साळुंकी म्हणाली, "उगवतीच्या तळ्यात नागीण आहे. तिच्या कलशातून नदी वाहते. जा."

हौसा गेली. नागीण जुन्या कातींच्या ढिगात गुरफटून रडत होती. जन्मभर टाकलेली एकेक कात तिनं जपली होती.

"मावशी, ह्या कशाला गं ठेवल्यात?"

"एके काळी मी फार सुंदर होते."

"आता अंगावर आहे ती बघितलीस का?"

दोघींनी मिळून काती काढल्या. तळ्याचं पाणी मोकळं झालं. नागिणीनं त्यात स्वतःला बघितलं, मान वळवून पुन्हा बघितलं, आणि लाजली. कलश तिनं हसत दिला.

पेटारा अख्खी नदी प्यायला. म्हणाला, "आणखी?"

साळुंकीनं मान खाली घातली. "तिसरी जागा मला ठाऊक नाही."

हौसा खाटेवर येऊन बसली. केतकी म्हणाली, "वहिनी, मी जाते. पण गोधडी तू ठेव. आत गेली तर कोरी होईल. मग ह्यातली माणसं मला कशी सापडतील?"

हौसा चमकली. गोधडी न्याहाळत राहिली. मग आईच्या लुगड्याच्या तुकड्यावरून तिनं एकदा गाल फिरवला आणि उठली. "वन्सं, तिसरी खेप घरातच आहे."

पेटाऱ्यानं गोधडी ओढून घेतली. "एवढीच? ही तर दाढेतसुद्धा राहायची नाही."

"असू दे," हौसा म्हणाली. "कोरी करा मात्र."

पेटाऱ्याचा तो धर्मच. तो कोरं करू लागला. गिरजाबाईच्या लुगड्याचा वीतभर तुकडा, त्याचं झालं नऊवारी लुगडं, काठापदरासकट. फेट्याचा तुकडा, त्याचा झाला अख्खा फेटा. परकर फुलले, धोतरं सुटली, सात गावांचं कापड पोटात उलगडू लागलं. पेटारा कण्हला, "पुरे! पुरे!" आणि फाडकन झाकण उडालं, बूड सुटलं.

हिरवी, जांभळी, डाळिंबी लुगडी जिन्यावरून धावली, खिडक्या उघडत बाहेर गेली. झोपाळा उडी मारून कड्यांत बसला. उन्हानं आपली घडी मोडली. मोगऱ्याचा वास दारी गेला, नदी परसातून वाहू लागली. राणीचं हसू तिला शोधत आलं आणि ती इतकी हसली की डोळ्याला पदर लावावा लागला.

राजा बावरून म्हणाला, "आज कोणता दिवस?"

"दसरा, मामंजी. चांगला दिवस. काढायचा होता ना?"

तेवढ्यात खाटेवरून उडी मारून केतकी घरभर पळत सुटली. स्वयंपाकघराच्या दारात थांबली. "भूक लागली!"

चांदीची ताटं मांडली. राक्षस आला, नागीण आली, हंडीतला भात सगळ्यांना पुरला. केतकीच्या हातून वाटी पडली आणि तिला पोचा आला. सगळ्यांनी राजाकडं बघितलं. राजानं वाटी उचलली, पोच्यावरून बोट फिरवलं. म्हणाला, "ही आजपासून माझी."

बूड सुटलेल्या पेटाऱ्यात हौसानं माती भरून मोगऱ्याचं रोप लावलं. कोरी लुगडी सात गावांत ज्याची त्याला पाठवली. आईचं लुगडं मात्र राणीनं हौसाकडून मागून घेतलं, आणि तेच नेसून ती रोज चुलीपुढं बसली. सात गावं म्हणाली, नेसू, धुऊ, विरलं की तुकडा परत देऊ. तसे तुकडे आले. राणीनं आणि केतकीनं टाके घातले, लिंबाजीच्या बोकडाची गोष्ट नवी जोडून सांगितली. आणि हौसाला लेक झाली, त्या दिवशी गोधडी तयार होती. अंगभर मऊ, उन्हात तापवलेली. त्या लेकीला जशी ती ऊब मिळाली, तशी ऐकणाऱ्यांच्याही लेकराबाळांना मिळो.