लाल लिहिलेली पांढरी ओळ

एका गावात एक देविदास होता. गावच्या वेबसाइटचं काम त्याच्याकडे. पोरगा हुशार, पण आपण लिहिलं म्हणजे ब्रह्मवाक्य, या खोडीला औषध नव्हतं.

गावाच्या वरच्या अंगाला धरण. पाणी सुटणार असलं की वेबसाइटवर सूचना यायची. खाली नदीच्या वाळूत कौतिकाबाई कलिंगडं लावायची. तिचं पाण्याचं इंजिन पात्रातच असायचं. रोज संध्याकाळी ती मोबाइलवर बघायची. सूचना नसली की इंजिन तिथंच ठेवून घरी जायची.

एक दिवस धरणावरून फोन आला, पहाटे पाणी सोडतोय. देविदासने सूचना लिहिली आणि तिला लाल रंग दिला.

शेजारच्या टेबलावरची हर्षदा म्हणाली, "मला ओळ दिसत नाही रे."

आता माणसानं काय करावं? पान उघडून बघावं. पण छे! यानं कोडमधून त्या ओळीलाच विचारलं, मी तुला कोणता रंग दिला? उत्तर आलं, लाल. "तुझा मोबाइल जुना झालाय," तो म्हणाला.

हर्षदाने कपाळाला हात लावला. "अरे, तू सांगितलेलंच ती तुला परत ऐकवतेय. सगळे नियम लावून ब्राउझरने शेवटी कोणता रंग चढवला, ते विचार. तेही विचारता येतं."

पालथ्या घड्यावर पाणी. त्याने पुन्हा तेच विचारलं, पुन्हा लाल आलं, आणि गडी खुशाल घरी गेला. पासवर्ड त्याच्याचकडे, हर्षदा तरी काय करणार?

पहाटे पाणी आलं. वेल गेले, काढणीला आलेली कलिंगडं गेली, इंजिन गेलं.

कौतिकाबाई ओल्या लुगड्यानिशी ऑफिसात आली आणि मोबाइल त्याच्यासमोर धरला. पान कोरं. तेव्हा कुठं त्याने हर्षदाचा प्रश्न विचारला. उत्तर आलं, पांढरा. पांढऱ्या पानावर पांढरी ओळ! मागे जत्रेच्या सूचना निळ्या पट्टीवर उठून दिसाव्यात म्हणून यानंच कोडमध्ये हुकूम सोडला होता, सगळ्या सूचना पांढऱ्या, दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. जत्रा संपली, पट्टी गेली, हुकूम काढायचा राहिला.

"पण मावशी, मी लाल लिहिलं होतं हो," देविदास म्हणाला.

"माझं इंजिन वाहून गेलं," कौतिकाबाई म्हणाली, "आणि तू अजून काय लिहिलं तेच सांगतोयस."

तात्पर्य: आपण काय सांगितलं हे आपल्यालाच विचारत बसू नये; समोरच्याला शेवटी काय दिसलं ते विचारावं, आणि पाणी सुटायच्या आधी विचारावं.