शिवेवर थांबलेला गाडा

“टेंपो कुठं थांबवलासा?”

“तिकडे, लिंबापाशी. पण बाबा, मी तुमच्यासाठी आनंदाची बातमी…”

“शिवेच्या ह्या अंगाला का त्या अंगाला?”

डॉ. निरंजन वैशंपायनांना ते सांगता येईना. एका हातात शाल, दुसऱ्या हातात नारळ घेऊन ते दारात उभे होते. बातमी ऐकून म्हातारा रडेल, अशी त्यांची अटकळ होती. रडला तर धीर द्यायला दोन वाक्यंही त्यांनी जुळवून ठेवली होती.

हैबतीबाबा रडले नाहीत. अनवाणीच बाहेर पडले आणि लिंबाच्या दिशेनं चालू लागले. ऐंशीच्या घरातला माणूस, पण निरंजनांना मागून पळावं लागलं.

आता थोडं मागचं सांगितलं पाहिजे.

हैबतीबाबा एके काळी कारळवाडीचे पोतराज, म्हणजे मरीआईचे भक्त. जटा कापून त्यांना कैक वर्षं झाली होती. आणि निरंजन म्हणजे आधी कॉलेजात प्राध्यापक, आता जिल्ह्याच्या गावातल्या लोकजीवन संग्रहालयाचे नवे प्रमुख. पाथरवटाची हत्यारं, चामड्याच्या मोटा, वासुदेवाच्या टोप्या, गोंधळ्याचं संबळ अशा अडीच हजार वस्तू त्यांच्या ताब्यात होत्या. त्यांतली सगळ्यात मानाची वस्तू काचेच्या कपाटात होती. ती म्हणजे मरीआईचा गाडा.

गाडा कसला, हातभर लांबीची लाकडी गाडी. चार चाकं, वर एक पाट, पाटावर शेंदूर माखलेली देवी. पूर्वी गावात पटकी आली की देवीला ह्या गाड्यात बसवत, तिची ओटी भरत, आणि ओढत नेऊन शेजारच्या गावाच्या हद्दीत सोडून येत. देवी गेली की रोग गेला. शेजारचं गाव तिला पुढच्या गावात ढकलायचं.

संग्रहालय उभं केलं ते प्राध्यापक घैसासांनी. पन्नास वर्षांपूर्वी हा गाडा त्यांनीच आणला, आणि त्याच्या नोंदीपुढं लिहून ठेवलं, ‘चार गावांनी पाया पडून दिला.’

ही ओळ वाचली की निरंजनांचं डोकं तापायचं. गरिबांचा देव उचलून आणायचा, आणि वर लिहायचं पाया पडून दिला! त्यात त्यांना भेट देणाऱ्यांची जुनी वही सापडली. दर आषाढात एक अंगठा. नाव, हैबती, कारळवाडी. तब्बल अठ्ठेचाळीस अंगठे! गेल्या आषाढात तर त्यांनी लांबून म्हाताऱ्याला पाहिलंही होतं, काचेसमोर हात जोडून उभा असलेला. निरंजनांचे डोळे भरून आले. घैसासांचं पाप आपण धुवायचं, असं त्यांनी ठरवलं. समितीशी भांडून परवानगी मिळवली, गाडा टेंपोत चढवला आणि कारळवाडी गाठली.

लिंबापाशी पोचताच हैबतीबाबा जमिनीवर पालथे झाले आणि टेंपोखाली डोकावले. कारळवाडीच्या शिवेचा दगड पुढच्या चाकापासून दोन हातांवर होता.

“भाईरच हाय,” ते म्हणाले, आणि तिथंच मातीत बसकण मारली. त्यांची छाती भात्यासारखी हलत होती.

“बाबा, झालं तरी काय? तुमची देवी आहे. तुम्हाला परत द्यायला आणलीय.”

“कुणी सांगितलं आणाया?”

“तुम्हीच! म्हणजे… दरवर्षी येत होता ना तुम्ही? देवीच्या ओढीनं एवढ्या लांब यायचं, आणि आम्ही तिला काचेत कोंडून ठेवायचं? मला अन्न गोड लागेना.”

हैबतीबाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. शिकलेल्या माणसाला पाहावं तसं नाही, वाट चुकलेल्या माणसाला पाहावं तसं.

“मी आलो की तुमच्या शिपायाला काय इचारत हुतो?”

निरंजनांना आठवलं. शिपाई नक्कल करून दाखवायचा. ‘समदी बरी हायती न्हवं?’

“ते होय! आम्हाला वाटलं, बोलायची रीत.”

“रीत न्हवं. खरंच इचारत हुतो.”

…

“पटकीच्या साली आमच्यातली अकरा मान्सं गेली,” हैबतीबाबा म्हणाले. “गाडा वडायचं काम आमच्या घराकडं. मी आन् माजा थोरला भाऊ वडत हुतो. गाव शंभर पावलं मागं. हितं आलो, तर पल्याड सोनखडीवाले काठ्या घिऊन हुबे. आजूबाजूच्या दोनी गावांचंबी तसंच. आमची हद्द वलांडायची न्हाई, म्हणले.”

“मग?”

“आमच्या मागं गाव, म्होरं काठ्या. भाऊ म्हणला, मी म्होरं जातो…”

ते थांबले. हात दगडावर होता.

“लोक म्हंत्यात त्यो पटकीनं गेला. पटकीनं न्हाई गेला, सायेब. हितं गेला.”

निरंजन खाली बसले. कपड्यांना माती लागेल, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

“तीन दिस गाडा हितंच. म्होरं जाईना, माघारी येईना. चार गावं राखण बसली. मग तुमचं घैसासमास्तर आलं जीपगाडीतनं. इचारलं, ‘कुणाचा हाय?’ एक तोंड उघडंना. मास्तर म्हणलं, ‘कुणाचाच नसंल तर मी न्हिऊ?’”

“आणि?”

“काय आणि? काठ्या टाकल्या, आन् चारी गावं मास्तरांच्या पाया पडली.”

निरंजनांचे कान गरम झाले. नोंदवहीतल्या त्या ओळीशेजारी त्यांनी लाल शाईनं मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. आपण किती घाईनं शहाणे झालो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

“आमच्या वाटणीचं त्यो मानूस घिऊन गेला. जगला का मेला, बगाया नगं? म्हणून दर आकाडात जात हुतो. मास्तर च्या पाजायचं. म्हातारं हुन गेलं, तवा लई रडलो. म्हातारं हुन गेलं, म्हणून बरंबी वाटलं. मागं तुमी मान्सं उरला. मग तुमची खबर घ्याया लागलो.”

“मग काचेपुढे हात जोडायचात ते… देवीला नाही?”

“काचंला.”

…

शेवटी निरंजनांमधला प्राध्यापक जागा झालाच. सवय ती.

“पण बाबा, आता पटकी कुठं आहे? औषधं आहेत, नळाचं पाणी आहे. आणि खरं सांगायचं तर, शेवटी ते लाकूडच आहे.”

“ठावं हाय. बाभळीचं हाय. सुताराम्होरं बसून मीच करून घेतलं.”

“मग भीती कशाची?”

हैबतीबाबांनी हनुवटीनं समोर दाखवलं.

शिवेपलीकडे सोनखडीच्या बांधावर पाचसहा माणसं येऊन उभी राहिली होती. एकजण फोनवर हळू आवाजात बोलत होता. दुसऱ्याच्या हातात ढोरं वळायची काठी होती. ढोरं मात्र लांबवर कुठं दिसत नव्हती.

निरंजनांनी मागं पाहिलं. कारळवाडीची दारं एकेक करून लागत होती, आणि गल्लीच्या तोंडाशी दहाबारा बाप्ये जमले होते.

“गाडा आला की ढकलावा लागतुया,” हैबतीबाबा म्हणाले. “मला सांगा, ह्या बारीला कुणाचा भाऊ म्होरं घालायचा?”

निरंजन उठले. हातातली शाल आणि नारळ मातीत पडले ते तसेच राहिले. दोन्ही हात वर करून, वर्गात कधी काढला नसेल एवढ्या मोठ्यानं त्यांनी आवाज काढला.

“परत नेतोय! गाडा परत नेतोय! संग्रहालयातच राहणार आहे!”

पलीकडच्या फोनवाल्यानं फोन खिशात टाकला. काठीवाला काठी आडवी ठेवून उकिडवा बसला, आणि शेजारच्यानं त्याला तंबाखूची डबी दिली. कुणीतरी हसलं.

गल्लीतून एक बाई लगबगीनं आली. हातात दहीभाताचा डबा आणि हिरवा खण.

“पाव्हणीला वाटंला,” ती म्हणाली. पदर डोळ्यांना लावला आणि हसलीही.

संग्रहालयात अन्न नेता येत नाही, मुंग्या होतात, असा नियम निरंजनांनी स्वतःच काढला होता. त्यांनी डबा मुकाट्यानं घेतला.

ड्रायव्हरनं टेंपो वळवला आणि तोंड जिल्ह्याच्या रस्त्याकडे केलं.

“दोरी ढिली झालीय, साहेब,” तो म्हणाला. “तेवढी आवळून घ्या, नाहीतर रस्त्यात पडंल.”

निरंजन मागच्या बाजूनं वर चढले. सकाळी हाच गाडा त्यांनी एका हातानं उचलून ठेवला होता, आणि वर ड्रायव्हरला त्याच्या वजनाबद्दल एक विनोदही सांगितला होता.

आता ते वाकले. दोरीपाशी गेलेला हात… अधांतरीच राहिला.

शेंदरातले दोन डोळे त्यांच्याकडे बघत होते. म्हणजे, लाकूडच ते. पण त्यांना हात लावायचा धीर होईना.

खालून हैबतीबाबा पाहत होते. निरंजनांनी मान वळवली.

“भ्यालासा व्हय?”

खोटं बोलायची सोय होती. निरंजन बोलले नाहीत खोटं.

“हो, बाबा.”

हैबतीबाबांच्या सुरकुतलेल्या तोंडावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं.

“मग न्या,” ते म्हणाले. “आता आमी बिनघोर झालो.”