खुणेचं झाड

फार मागची गोष्ट, तेव्हा जनावरं नि झाडं माणसांपेक्षा शहाणपणानं बोलायची. साऱ्यांनी मिळून ओढ्यावर बांध घातला. पाणी कुणीही प्यावं, गळती कुणीही बुजवावी. पण गळती कळणार कशी? ठरलं, की बिघाड दिसेल तिथली खूण आणून एका झाडाला बांधायची. झाड कोणतं, यावरून मात्र जुंपली.

"माझा आंबा घ्या, सावली फुकट!" मोर म्हणाला. सगळे भुलले. चिचुंद्री गालातल्या गालात हसली. बांधाच्या तोंडात अडकलेलं मोरपीस तिनं आंब्याला बांधलं, आणि बांधात घुसलेल्या मुळीचा तुकडा काटेरी बाभळीला.

सकाळी पीस गायब! "वाऱ्यानं नेलं गं, चिचूताई," मोर म्हणाला. बाभळीवरचा तुकडा मात्र जागच्या जागी.

"मूळ माझंच आहे, बाई," बाभूळ म्हणाली. "छाटा लवकर, नाहीतर बांध फुटेल."

आपलीच चूक न लपवणारी बाभूळ खुणेचं झाड ठरली. उंदरांनी मूळ कुरतडलं, मुंग्यांनी भोक बुजवलं. पुढं पूर आला, पण बांध तसूभर हलला नाही. बांधावर सगळ्यांच्या पुढं चिचुंद्री नाचली.

"शी! वास मारतेस," मोर फणकारला.

"मारते ना, मोरोपंत! हा घ्या माझा केस, नि बांधा जा बाभळीला!"