जग्वारच्या इंजिनचा नंबर

“…मग जग्वारच ठेवू ना, चाचा?”

यशोधन शिंत्रे हे सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होते. उत्तर त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं. हवी होती ती फक्त शाबासकी.

वडील गेले, मागं दोन गाड्या राहिल्या. हिरवी जग्वार आणि रुपेरी पोर्श. दोन भावांना एकेक. निवड आधी थोरल्या यशोधनरावांची, आणि तीही आज संध्याकाळपर्यंत. दोन्ही गाड्या मिरज रस्त्यावर दस्तगीर मिस्त्रींच्या, म्हणजे चाचांच्या, शेडमध्ये उभ्या होत्या. मिस्त्रींनीच त्या चाळीस वर्षं सांभाळल्या. यशोधनरावही पाना धरायला त्यांच्याच हाताखाली शिकले.

“धाकट्याला कुठली पायजे?” चाचांनी विचारलं.

“रणधीरला? पोर्श. दर रविवारी आंबा घाटात नेतो. म्हणतो, वळणावर तिला माझ्या मनातलं कळतं. जीव आहे त्याचा तिच्यावर.” यशोधनराव हसले. “चालवणाऱ्यांचं खूळ ते. इंजिन बदललेली गाडी, संग्रहात तिला कोण विचारतो? जग्वार बघा. चासीचा नंबर, इंजिनचा नंबर, कारखान्यातून आले तसे. मी तिला उन्हातसुद्धा काढत नाही.”

चाचांनी जग्वारचं लांबलचक बॉनेट उघडलं. मग फडताळातून एक पत्र्याची डबी आणली. आत आकडे ठोकायचे लोखंडी पंच होते. त्यातला सातचा पंच त्यांनी शिशाच्या तुकड्यावर धरला आणि हातोडी मारली.

सात उमटला. खालच्या टोकाला टवका उडालेला.

“आता इंजानावरचा बघा.”

यशोधनराव वाकले. ऑइल फिल्टरच्या वर नंबर होता. त्यात दोन सात होते. दोन्हींच्या खालच्या टोकाला तोच टवका…

ते चाकाला टेकून खाली बसले, पांढऱ्या विजारीसकट, सांडलेल्या ऑइलात.

“तुम्ही?”

“ब्लॉक तडकला हुता. इंजान दुसरं आनलं. थोरल्या साहेबांनी, तुमच्या वडलांनी सांगितलं, नंबर म्या मारला.”

“आणि मी… वीस वर्षं लोकांना दाखवत…”

चाचांनी पंच पुसून डबीत ठेवला.

यशोधनरावांना वडिलांचा राग येत होता, चाचांचा येत होता, आणि सगळ्यात जास्त लाज वाटत होती. मग ते एकदम उठले.

“ही रणधीरला जाऊ दे. पोर्श मी ठेवतो. तिच्यात काय बदललंय, ते निदान ठाऊक तरी आहे.”

“त्याचा जीव हाय तिच्यावर.”

“निवड माझी आधी आहे, चाचा.”

“बरं…”

चाचांनी पंचांची डबी उचलली, हातोडी घेतली आणि ते पोर्शपाशी जाऊन उभे राहिले.

“हिच्या इंजानावर कुठला नंबर मारू, लोकास्नी दाखवायला?”