तार काढली तरी

"...पण बुवा, मोबाइलवर बोट लावलं की जे स्वच्छ ऐकू येतं, ते या खरखरीत कशाला शोधायचं?"

चिदंबरबुवा आपल्या शॉर्टवेव्ह रेडिओचं बटण केसभर फिरवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुझ्या मोबाइलवर किती स्टेशनं येतात?"

"जगातली सगळी."

"त्यातलं शेवटपर्यंत काय ऐकलंस?"

परितोषने मोबाइल खिशात टाकला...

खरं दुखणं तेच होतं. पुण्यात संगणकाच्या नोकरीत नाव कमावलेला हा तरुण टेकडीवरच्या मठात उगाच आला नव्हता. त्याचं कशातच मन लागत नव्हतं. एक गाणं लावलं की मिनिटभरात दुसरं लावावंसं वाटे. आई फोनवर बोलत असली तरी त्याचं बोट भलतीकडेच चाले. बुवा तासन्‌तास बसून दूरदेशीचे आवाज ऐकतात हे कळलं, म्हणून ती विद्या मागायला तो आला होता. अर्थात मागतानाही ऐट काही सुटली नव्हती.

बुवांनी एकच अट घातली. समुद्रापलीकडचं एखादं स्टेशन स्वतः लावायचं आणि स्वतःच्या कानाने ऐकायचं. मग शिष्य करून घेईन.

हा तर हातचा मळ, असं म्हणत परितोषने खाली गावात खोली घेतली.

मठाच्या छपरापासून लिंबाच्या झाडापर्यंत तांब्याची लांब तार ताणलेली होती आणि तिचं टोक आत रेडिओला जोडलेलं होतं. दूरचे आवाज पकडायचं काम तिचं, आणि ती ते नेमाने करी. परितोष मात्र उन्हं कलली की रेडिओपुढे बसे, सुई या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवी आणि कपाळाला हात लावी. खरखर, शिट्टी, पुन्हा खरखर. दिवस जाऊ लागले तसा त्याचा धीर सुटला. हा शेवटचा उपायही आपल्या नशिबी नाही, असं त्याला वाटू लागलं. बुवा चिडत नसत, याचाच त्याला जास्त राग येई.

मग त्याने डोकं चालवलं.

एका संध्याकाळी बुवा भाजीच्या वाफ्याला पाणी घालत होते. परितोषने रेडिओचा आवाज पार बंद केला, मागचं झाकण उघडलं आणि आत मोबाइल दडवला. मोबाइलवर कुठल्याशा दूरच्या बेटावरचं स्टेशन चालू होतं.

"बुवा, लागलं."

बुवा ओला पंचा हातात घेऊन तसेच आले. रेडिओतून एक बाई गात होती, शेजारच्या खोलीत बसल्यासारखी.

बुवांनी डोळे मिटले, मांडीवर ताल धरला. चांगली दोन गाणी झाली. परितोषचा चेहरा खुलला आणि लगेच उतरला, कारण म्हातारा मनापासून रमला होता.

मग बुवा सावकाश उठले. रेडिओला जोडलेली तार त्यांनी काढली, दाराच्या खिळ्याला अडकवली आणि तिच्यावर पंचा वाळत घातला.

बेटावरची बाई गातच राहिली...

परितोष जमिनीकडे बघत होता.

"गळा चांगला आहे हो बाईंचा," बुवा म्हणाले, आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. परितोषलाही हसू फुटलं. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्याने मोबाइल काढून बंद केला. हे आपल्याला जमायचं नाही, उद्या पुण्याला जातो, म्हणाला.

"जा की. आज आहेस तोवर बस."

बुवांनी तार पुन्हा जोडली, आवाज वाढवला. सुई परितोषने सोडली होती तिथेच होती. त्याचा हात सवयीने बटणाकडे गेला. बुवांनी तो धरून अलगद त्याच्याच मांडीवर ठेवला.

खरखर... नुसती खरखर...

मग तिच्या तळाशी काहीतरी हललं. परितोष पुढे वाकला. कोणीतरी माणूस बोलत होता.

"काय म्हणतोय?" बुवांनी विचारलं.

"भाषा कळत नाही... थांबा ना, बोलू नका."

बुवा गप्प बसले. गप्प बसवलं गेल्याचा त्यांना भारी आनंद झालेला दिसला.

आवाज वर आला, दबला, पुन्हा वर आला आणि विरून गेला. परितोष बराच वेळ कान लावून बसून राहिला.

"गेलं, बुवा..."

"गेलं ना? मग उद्यापासून ये."